प्रेसवरची पाचर आणि माझा उजवा हात

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला बाबा-बुवांचे पत्ते पाठवायला नको. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता... आणि खरं विचाराल तर अजूनही नाही. मी सातपूरला बसस्टॉपजवळ हार-फुलांची टपरी चालवायची. शनिवारी लिंबू-मिरच्याही ओवून विकायची. त्यामुळे त्या दोऱ्यात नेमकी काय शक्ती असते हे मला चांगलं ठाऊक आहे. एक लिंबू असतं आणि मिरच्या असतात. संध्याकाळी उरलेल्या मिरच्यांचा आमच्याकडे ठेचा व्हायचा.

या सदरात मी लोकांचे अनुभव वाचते. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला बंद खोलीत पावलं ऐकू येतात. मला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. जे झालं ते भर दिवसा, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या शरीरात झालं. त्याची मला भीती वाटत नाही. राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो, आणि लिहिता लिहिता चढलाच तर सांभाळून घ्या.

गोष्ट १९९८-९९ सालची. आमचे हे, रामनाथ, मूळचे चांदवडकडचे. आयटीआय करून नाशकात आले आणि सातपूरच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर लागले. कंपनी म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी एक शेड होती. नाव लिहीत नाही, आता ती राहिलीही नाही. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: खाली एक साचा, वर एक साचा, मधे पत्रा ठेवायचा आणि बटण दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो, पार्ट तयार. मधे पत्रा आहे की बोटं आहेत, हे त्याला कळत नाही.

माझं माहेर मखमलाबादचं, घरची फुलशेती. भाऊ सकाळी फुलं पाठवायचा, मी टपरीत बसून ओवायची. टपरी आणि यांची कंपनी यांच्यामधे चांगलं अंतर होतं, दोन-तीन चौक आणि रस्त्यावरचा सगळा गोंगाट. तिथला आवाज इथे येणं शक्य नाही. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे एका शहाण्याने मला तेच विचारलं.

पहिल्यांदा झालं ते गणपतीच्या आधी. सकाळची वेळ, गर्दी नव्हती, मी झेंडूचा हार करत होते. मन कुठे होतं? कुठेच नव्हतं, दुपारी भाजी कुठली करावी असला काहीतरी विचार चालू होता. आणि अचानक छाती अशी धडधडायला लागली की ब्लाउज हलताना मला दिसत होता. तोंडाला कोरड. बोटं बर्फासारखी गार. हातावरचे केस उभे. उजेड डोळ्यांना खुपायला लागला, समोरून जाणाऱ्या बसची पाटी एरवी मला नीट वाचता येत नाही, ती अक्षर न् अक्षर दिसली. आणि माझा उजवा हात – मी नाही हं, हातच – झटक्यात मागे येऊन छातीला चिकटला. सुई, दोरा, झेंडू, सगळं रस्त्यावर.

शेजारी सलीमभाईंचं पंक्चरचं दुकान. ते टायर सोडून धावत आले.

"क्या हुआ भाभी? साप वगैरे निघाला काय?"

"काही नाही," मी म्हटलं. खरंच काही नव्हतं. थोड्या वेळाने सगळं ओसरलं, आणि मग असा थकवा आला की दिवसभर नांगर ओढल्यासारखी मी पाटावर बसून राहिले.

त्यानंतर ते होतच राहिलं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, कधी पंधरा-पंधरा दिवस नाही. नेहमी कामाच्या वेळी. घरी कधीच नाही, रविवारी कधीच नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक वेळी तेच, धडधड, कोरड, गार बोटं आणि हात मागे.

यांना सांगितलं तर म्हणाले, "लय उन्हात बसती तू. लिंबूपाणी घेत जा."

शेवटी मी गंगापूर रोडला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई चांगल्या होत्या, मला वेडी न ठरवता समजावून सांगणारी पहिली व्यक्ती त्याच. त्या म्हणाल्या, "सुमनताई, हे सगळं शरीर मुद्दाम करतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका दिसला की मेंदू मज्जातंतूंवाटे तिकडे निरोप पाठवतो, आणि अ‍ॅड्रिनलिन नावाचा रस रक्तात सुटतो. लढायचं तरी किंवा पळायचं तरी, त्याची ही तयारी. हृदय जोरात चालतं. कातडीतलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार. पचनाचं काम थांबतं, म्हणून तोंड कोरडं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून उजेड खुपतो. मग त्याच ग्रंथी दुसरं एक हार्मोन सोडतात, कॉर्टिसॉल, ते जरा सावकाश काम करतं. आणि सगळं ओसरलं की शरीर गळून जातं, तो तुमचा थकवा."

मला हे फार आवडलं. एकेका गोष्टीला कारण होतं. मी विचारलं, "पण डॉक्टर, धोका कुठाय? मी झेंडू ओवत असते."

"धोका खराच असावा लागतो असं नाही. मनातलाही चालतो. घरी काही टेन्शन?"

झालं! हा शब्द मी त्यानंतर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलाय की कुणी उच्चारला तरी माझ्या कपाळाची शीर उडते. बाईला काही सापडलं नाही की तिला टेन्शन असतं. मला नवऱ्याचा त्रास नव्हता, सासू गावाला होती आणि माझ्यावर जीव टाकायची. टपरी चालत होती. बरं, असेल टेन्शन. पण मग ते रविवारी सुट्टी घेतं का?

थायरॉइड तपासलं, नॉर्मल. त्या ग्रंथींवर गाठ असली तरी असं होतं म्हणे, म्हणून सोनोग्राफी झाली, दिवसभराची लघवी बाटलीत गोळा करून तपासायला दिली. सगळं नॉर्मल. मग त्यांनी धडधड थांबवणारी गोळी दिली. आणि गोळीने धडधड थांबली! खरंच थांबली. पण हात? हात तसाच मागे यायचा. छाती शांत, आणि हात झटक्यात छातीशी. हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "सवय लागली असेल हाताला."

मग पुढच्या वर्षीचा दसरा आला.

सातपूरला दसऱ्याला प्रत्येक कंपनीत मशीनची पूजा असते. मशीन पुसून लख्ख करायचं, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, हार, नारळ, पेढे. कामगार बायका-पोरांना घेऊन येतात. यांच्या कंपनीचे हार दरवर्षी माझ्याकडूनच जायचे, पण मी ते गेटवर देऊन परत यायची, कारण दसऱ्याला टपरी सोडून कोण हिंडणार. त्या वर्षी भावजय मदतीला बसली होती म्हणून मी आत गेले. यांच्या प्रेसला हार मी स्वतः घालायचा असं मनात होतं.

घातला. आणि हार नीट करताना मला ती दिसली. प्रेसच्या पुढे दोन बाजूंना दोन हिरवी बटणं होती. त्यातल्या उजव्या बटणावर एक लाकडी पाचर ठोकून ते आत दाबून बसवलेलं होतं. बटणांना कुंकू लावलं होतं. पाचरीलाही लावलं होतं. वर एक झेंडूचं फूल.

"हे काय आहे?" मी यांना विचारलं.

"पाचर. कायमचीच हाय ती."

"ते कळलं. कशाला?"

"अगं, दोन्ही बटनं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हंजी दोन्ही हात बाहेरच ऱ्हातील असा हिशोब. पण तसं केलं तर माल उरकत नाय. म्हनून एक बटन दाबून ठेवायचं, डाव्या हातानं दुसरं दाबायचं, उजव्या हातानं पत्रा लावायचा. सगळेच करतात."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. हात वाचावा म्हणून कुणीतरी डोकं चालवून दोन बटणं केली. आणि यांनी त्यात पाचर ठोकून, वर तिचीच पूजा केली. पुसूनही घेतली असेल आधी, स्वच्छ!

"आणि प्रेस आपोआप खाली आला तर?"

"कधीमधी मारतो डबल स्ट्रोक. क्लच जुना झालाय. मी काढून घेतो ना हात." आणि त्यांनी करून दाखवलं. उजवा हात झटक्यात मागे, छातीशी.

तो माझा झटका होता. कोपर तसंच वळलेलं, मूठ तशीच, अंगठा आत.

"तेव्हा... भीती वाटते का हो? छाती धडधडते?"

"छ्या! काय नाय वाटत. पयल्यांदा वाटायचं. आता सवय झाली."

त्यांना काही वाटत नव्हतं. बेल त्यांच्या दाराची, आणि वाजत होती माझ्या घरात.

पुढे जे केलं ते मी विचार करून केलं नाही. शेजारच्या मशीनवर हातोडी होती, ती उचलली आणि एका फटक्यात पाचर उडवली. घरंगळत गेली, तर उचलून भंगाराच्या डब्यात टाकली, कुंकवासकट. सुपरवायझर भामरे पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. ते ओरडले, "अहो वहिनी! पूजा झालेली वस्तू आहे! सणाच्या दिवशी अपशकुन करताय तुम्ही!"

"अपशकुन?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचा हात रोज त्या जबड्यात जातोय तो तुमच्यासाठी शकुन आहे का?"

हे मान खाली घालून उभे. घरी आल्यावर म्हणाले, "लय शोभा केली माझी. उद्या मी ती परत बसवनार. मी नाय बसवली तर दुसरा बसवंल, अन् मला काढतील प्रेसवरून. मग झाडू मारू का तिथं?"

मी माझ्या हाताचं सगळं सांगितलं. झटका करून दाखवला. ते बघत राहिले, जरा घाबरलेही असतील. मग म्हणाले, "योगायोग असंल." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी जाऊन नवी पाचर बसवली. आमचं बोलणं बंद झालं. मी डबा भरायची, ते न्यायचे, बस्स.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली होती. सकाळचे दहा-साडेदहा वाजले असतील, सलीमभाई माझ्या टपरीसमोर उभे राहून उधार चहाची गोष्ट सांगत होते, मी शेवंतीचा हार ओवत होते. आणि ते आलं. गोळी घेतलेली होती, तरी आलं. इतकं जोरात कधी आलं नव्हतं, कानात रक्ताचा आवाज, डोळ्यांसमोर सगळं लखलखीत. मी हात मागे यायची वाट बघितली. तोवर मला सवय झाली होती, आधी धडधड, मग हात.

हात आला नाही.

तो तिथेच राहिला, शेवंतीच्या ढिगावर, पुढे पसरलेला. मी मनात ओरडले, काढ! काढ ना! हात ढिम्म. मग मी डाव्या हाताने माझंच उजवं मनगट पकडलं आणि जीव खाऊन मागे ओढलं. मी ओढला तो हात. आपोआप नाही आला. पाटावरून मागे पडले, डोकं पत्र्यावर आपटलं. सलीमभाईंनी मला उठवलं तेव्हा उजवा हात मनगटापासून खाली नव्हताच जणू. होता डोळ्यांसमोर, पण चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

"कंपनीत चला," मी म्हटलं. "यांच्या कंपनीत. आत्ता."

सलीमभाईंनी मला त्यांच्या एम-एटीवर मागे बसवलं आणि गाडी हाणली. गेटवर वॉचमन मला बघून चक्रावला. "ताई, तुम्हाला कुणी सांगितलं? आत्ताच तर झालं, अजून ऑफिसात पन नाय कळालं."

मी आत धावले. प्रेस बंद होता, भोवती माणसं. हे बाजूला उभे होते आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात होता. अख्खा. पाचही बोटं. साच्यात त्यांचा कापडी हातमोजा अडकला होता, त्याच्या बोटांचा कागद झाला होता.

"भामरे सायबांनी हाक मारली," ते म्हणाले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते. "मी तिकडं पाह्यलं. हात आतच व्हता. डबल स्ट्रोक बसला. मी नाय काढला गं सुमन. मला वेळच नाय भेटला. कोनीतरी मनगट धरून वढलं मागून. मागं तर कोनीच नव्हतं."

भामरे म्हणाले, "मोजा सैल होता म्हणून वाचला. देवाची कृपा." आणि मग, माझ्यादेखत, त्यांनी पक्कडीने तो मोजा साच्यातून ओढून काढला, फडक्याने साचा पुसला आणि दुसऱ्या एका माणसाला म्हणाले, "चल, लाव प्रेस. माल थांबलाय."

पाचर जिथल्या तिथे होती.

मी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. डाव्या हाताने ती पाचर ओढायला गेले, निघेना. डाव्या हाताला तेवढा जोर नाही. शेवटी यांनी हातोडी घेतली आणि ती उडवली. प्रेसकडे न बघता, माझ्या खांद्याला धरून गेटबाहेर चालायला लागले. परत गेले नाहीत. पाचर मात्र संध्याकाळी परत बसली होती, तिथल्याच एका माणसाने नंतर सांगितलं. यांच्या जागी प्रेसवर लावलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मला सहन झालं नसतं.

माझा हात परत आला नाही. मनगटापासून खाली बधिर, बोटं वळतात पण सुई धरत नाहीत. मुंबई नाक्याजवळ मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मज्जातंतूंच्या सगळ्या तपासण्या झाल्या, विजेचे झटके देऊन झाले. नसा उत्तम! डॉक्टर म्हणाले, "मोठा मानसिक धक्का बसला की असं होतं. नवऱ्याचा अपघात होता होता वाचला, त्या ताणाने मेंदूने हाताकडे लक्ष देणं थांबवलंय."

मी म्हटलं, "डॉक्टर, धक्का मला नंतर बसला. हात आधी गेला."

"आवाज ऐकला असेल तुम्ही."

"दोन-तीन चौक लांब?"

"मग आठवणीत क्रम उलटा झाला असेल. होतं असं."

सलीमभाईंना मी मुद्दाम सोबत नेलं होतं. ते पुढे झाले, "साहब, मैं वहीं खडा था. हाथ पहले गया." डॉक्टर त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, तुमच्याही आठवणीत झाला असेल. मी फाइल उचलली आणि निघून आले. ताणाने काय काय होतं हे मला कुणी शिकवू नये. ग्रंथी कुठे असतात, रस कुठला सुटतो, बोटं गार का पडतात, सगळं मला पाठ आहे आणि सगळं खरं आहे. पण ताण एकाला आणि ग्रंथी दुसऱ्याच्या, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते कुणी सांगत नाही. एक विचारलं की दुसऱ्याचंच उत्तर देतात आणि फी घेतात.

नंतर तसला झटका मला कधीच आला नाही. कंपनी काही वर्षांनी बंद पडली, मशिनं विकली गेली. तो प्रेस कुणी घेतला, कुठल्या शेडमधे आहे, माहीत नाही. हे तेव्हापासून टपरीवर बसतात. सुरुवातीला त्यांचे हार बघून गिऱ्हाईक हसायचं, आता माझ्यापेक्षा भराभर ओवतात. मी शेजारी बसून सुटे पैसे देते आणि रागावते. झेंडू घट्ट ओवा, शेवंती चेपू नका, दोरा किती लांब सोडलाय.

कधी कधी ते ओवत असताना मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसते, आणि आतून भडका उठतो. माझं पोट ज्यावर होतं तो हात माझा होता, लहानपणापासून झेंडूत वाढलेला. कुणालाही न विचारता तो गेला. मला कारण नको आहे आता, खरंच नको. मला माझा हात परत हवा आहे. पण परत मागायचा तर बदल्यात कुणाचा द्यावा लागेल, ते माझ्या समोरच शेवंती ओवत बसलेले असतात. म्हणून मी मागत नाही.